अक्कांची फुंकणी

"दिवा फुंकायचा नसतो गं," असं म्हणत अक्कांनी माझी मेणबत्ती चिमटीत विझवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

नव्वदच्या दशकात मी बंगळुरूच्या एका इस्पितळात रुग्णांकडून मेणबत्ती फुंकण्यासारखे श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे. पुण्याहून आलेली, तोंडाची फटकळ. अक्का राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. किडलेल्या दाढेतले जंतू छातीत उतरून फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पू झाला होता. हे जंतू हवेवाचून वाढणारे. त्या पुवाला असा वास, की नर्ससुद्धा दारात थबकायची. पू काढायला छातीत नळी घातली, औषधं चालू होती, पण आखडलेलं फुप्फुस काही फुलेना.

"नाहीच फुललं तर छाती उघडावी लागेल," डॉक्टर म्हणाले. त्या वयात म्हणजे जिवावरचंच.

आणि ही बाई फुंकर मारायला तयार नाही! असा संताप आला म्हणून सांगू!

"अक्का, जीव जाईल तुमचा!"

"जाऊ दे. दिवे फुंकून जगायचं होय?"

सुनेलाही त्या जवळ येऊ देत नसत. "लांब बस, वास येतो." सोवळ्यात जन्म गेलेल्या बाईला स्वतःच्याच अंगाची लाज वाटत होती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

"मग घरी चूल कशी पेटवता?" मी वैतागून विचारलं.

"फुंकणीनं!" अक्कांनी असं पाहिलं, जणू मीच खुळी. "अग्नीला उष्टं तोंड लावतात होय?"

दुसऱ्या दिवशी सुनेनं घरची पितळी फुंकणी आणली. तिचं टोक मी पाण्याच्या बाटलीत बुडवलं. पहिल्या दिवशी जेमतेम एक बुडबुडा आणि खोकल्याची उबळ. "स्वल्प थांब," असं अर्धं कानडीत म्हणत अक्का पुन्हा फुंकायच्या. रोज. शेवटी एकदा पाणी असं गुडगुडलं, की माझा ॲप्रन भिजला!

नव्या एक्स-रेत फुप्फुस बरगड्यांना टेकलं होतं. ऑपरेशन रद्द! डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"सरी!" म्हणजे कानडीत 'ठीक!', अक्का एवढंच म्हणाल्या आणि सुनेला हाक मारली, "ये, जवळ बस. वेणी घाल माझी."

दाढ काढून घेतली. दिवाळीला मला घरी बोलावून न्हाणीघरातला बंब त्यांनी स्वतः पेटवला. फुंकणीच्या एका फुंकरीत जाळ!

अक्का पुढे कैक वर्षांनी म्हातारपणानं गेल्या. छातीनं नाही, हे मी अजून मिरवते. इस्पितळातल्या माझ्या खोलीत आता मेणबत्ती नाही. बंगळुरूच्याच शिवाजीनगर बाजारातून घेतलेल्या फुंकण्या आहेत. कुणा आजोबांच्या बाटलीत पाणी गुडगुडलं, की मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडते, "सरी!"