पेट्रोलचा पाट

पाणकर मामांनी मला वाचवलं, हे आधी सांगते. काय झालं ते मग. मामा असतात दिघोरीला, मी कोइमतूरला, आणि ज्या गाडीपायी माझं काम जाणार होतं ती त्यांनी आजवर पाहिलेलीसुद्धा नाही.

तरुणपणी मामा तलावाचं पाणी पाटानं धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांना, वाटून द्यायचे, म्हणून गाव त्यांना पाणकर म्हणतं. पुढं ते इंजिनं दुरुस्त करू लागले, पण डोकं पाणकराचंच राहिलं. नववीत शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात तीन वर्षं काम केलं. बंद इंजिन आलं की मी आधी टाकीकडे धावायची. मामा ओरडायचे, "बांधी कोरडी दिसली का तलावाले काहून शिव्या देते वं? आधी पाट पाय ना!" मग कार्बोरेटरपासून उलटं मागे जायचं. टाकी सगळ्यात शेवटी.

"पंप खराब हाये" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "हे तं तुहं मत झालं. पायलं काय, ते सांग."

इथल्या गॅरेजात जुन्या मोटारी पुन्हा रस्त्यावर आणतात. मला महिनाभर पाहून ठेवायचं की घरी पाठवायचं, हे इथले मुख्य मेकॅनिक, आमचे उस्ताद, ठरवणार होते. शेवटच्या आठवड्यात माझ्या वाट्याला एक लाल, दोनच सीटची, आजोबांच्या वयाची स्पोर्ट्स कार आली. सुरू व्हायची आणि दोन मिनिटांत मरायची. बॉनेटखाली पंपच सापडेना. गाडीचं माहितीपुस्तक इंग्रजीत. घाबरून मी टाकी उतरवायला पाना लावला, आणि कोण जाणे काय वाटलं, तो ठेवून मामांना फोन केला.

"कार्बोरेटरात पेट्रोल पोचते का?"

"नाही मामा. अन् पंप तं दिसूनच नाही राहिला."

"दिसत नसन तं आयक. गाडी सुरू नोको करू, नुसती चावी फिरव. अन् फोन खालून फिरव."

चावी फिरवून मी गाडीखाली सरपटले. मागच्या उजव्या चाकापाशी टकटकटकटक, थांबायचं नाव नाही.

"अरे बापा! विजेचा पंप हाये हा, अन् उपाशी हाये," मामा म्हणाले. "पोट भरलं असतं तं गप बसला असता. हवा पिऊन राहिला वं. टाकीपासून पंपापर्यंतचा पाट पाय."

चाक काढलं. पंप तिथंच होता, वाळलेल्या चिखलाखाली. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला वरच्या बाजूनं केसाएवढी चीर. पेट्रोल गळत नव्हतं, हवा मात्र आत शिरत होती. नळी बदलली. पंप थोडा टकटकला आणि गप्प झाला. गाडी तासभर चालू ठेवून उस्तादांनी कामाच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं, म्हणजे मला ठेवून घेतलं.

ते सांगायला फोन केला, तर मामांचं लक्ष भलतीकडेच. "दोघायचीच जागा? मंग लेकरं कुठं बसवते?"

"घरी ठेवतात."

"मोठे निर्दयी लोक हायेत!" मग सीट किती खाली, पाय कुठं जातात, पंप इंजिनपासून एवढा लांब काहून ठेवला? शेवटचं मला सांगता आलं नाही. "इचारून सांगजो. मले आता चैन नाही पडत."

विचारून सांगितलं. दुरून ओढण्यापेक्षा टाकीजवळून ढकललेलं पेट्रोल बरं चालतं. मामा खूश झाले, पण वाक्य मला तीनदा म्हणायला लावलं. डावा कान गेलाय, हे त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. ते स्वतः सांगत नाहीत.

तर मामा, उजवा कान आहे तोवर माझ्या पगारातून काढलेल्या तिकिटावर तुम्हाला इथं आणीन. त्या लाल गाडीखाली तुमच्यासाठी सतरंजी अंथरीन, आणि चावी मी फिरवीन.