अकरा पावलांची हराळी

फोन आला तेव्हा मी अंगणात खुरपं घेऊन हराळी उपटत होते. हात मातीचे, म्हणून आधी तो तसाच वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा पदराला हात पुसून उचलला. पलीकडं भाचा होता. "आत्या, पप्पा गेले," एवढंच बोलला आणि त्याच्या आईचं रडणं ऐकू यायला लागलं. वाटूर फाट्यावरच्या नर्सरीत सकाळी रोपांना पाणी देता देता दिगू खाली बसला, तो उठलाच नाही. जालन्याहून तशीच गाडीत बसून मी वाटूर गाठलं. त्याच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा दिसलं, माझ्या नखांत माती तशीच होती... त्यानंच माझ्या अंगणात लावलेल्या हराळीची. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज दीड महिन्यानं लिहून टाकते, कारण नुसतं मनात ठेवून मला चैन पडत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठं जायचं ते सुचत नाही.

दिगंबर माझा पाच वर्षांनी धाकटा भाऊ. आमचं गाव मंठा तालुक्यातलं, रान काळ्या मातीचं, आणि त्या रानाचा एकच वैरी, हराळी. उन्हाळ्यात वडील कुदळीनं हातभर खोल खणायचे आणि आम्ही भावंडं मागून तिच्या मुळ्या वेचायचो. टोपली भरली की वडील ती पालथी करून बघायचे, आणि खणलेल्या जागी एखादी कांडी राहिलेली दिसली की आमचा उद्धार व्हायचा. वेचलेली हराळी बांधावर वाळवून जाळायची. गणपतीत मात्र तिच्याच कोवळ्या तुऱ्यांची दूर्वा निवडायची, आणि सण सरला की पुन्हा तिच्या जिवावर उठायचं. दिगूला हे पटायचं नाही. एका वर्षी त्यानं मूठभर मुळ्या गोठ्याच्या खुंटीला पंधरा दिवस टांगून ठेवल्या, पार सुतळीसारख्या झाल्यावर रांजणाच्या ओलीत पुरल्या, आणि चारच दिवसांत हिरवा कोंब घेऊन वडिलांना दाखवायला गेला. मार खाल्ला तो खाल्लाच. रडत रडत मला म्हणाला, "अक्का, पण जगली ना गं."

पुढं तेच त्याचं पोट झालं. शेतीची पदविका अर्धी सोडून त्यानं फाट्यावर नर्सरी टाकली आणि लोकांच्या अंगणात गवत लावायला लागला. आमच्या घरी त्याची थट्टा व्हायची. माझे यजमान महसूल खात्यात नायब तहसीलदार होते. मित्रांत बसले की "आमचे गवतवाले मेहुणे" अशी ओळख करून द्यायचे. दिगूही हसायचा, पण आमच्या दिवाणखान्यात चहापुरताच टेकायचा. तसाही तो कुठंच टिकायचा नाही. पायाला भिंगरी. जेवताना दोनदा उठणार, बोलता बोलता गेटपर्यंत जाऊन येणार. फक्त एका कामासाठी तो दिवसभर हलायचा नाही. कुणी गवत लावायला बोलावलं की आधी एक खुर्ची मागायचा, ती त्या जागेत मांडायचा आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसायचा. ऊन कुठून येतं, किती वेळ थांबतं, भिंतीची सावली कुठवर सरकते, हे बघायचं आणि तासातासाला मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीनं रेघ ओढायची. मग प्रश्न सुरू. पाणी किती आहे? माती काळी की मुरमाड? यावर चालणार कोण? लोक वैतागायचे. त्यांना फोटोतलं गवत हवं असायचं आणि तेही येत्या सोमवारी. एका मोठ्या बंगल्यात आंब्याखाली मखमलीसारखं कोरियन गवत लावा म्हणाले, तर यानं तिथं गोटे पसरायचा सल्ला दिला आणि हात हलवत परत आला. भावजय म्हणायची, यांना गवत विकायचंय का गवताचं लग्न जमवायचंय, तेच कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही अडखळली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीला धरून घरात चालवलं आणि म्हणाल्या, आता बाहेर, मऊ सपाट जमिनीवर, अनवाणी चालवा. पण आमच्या अंगणात तेव्हा फरशी होती. दुसऱ्याच दिवशी हे घसरून पडले. फार लागलं नाही, पण त्यानंतर उंबऱ्याबाहेर पाय टाकेनात. सगळ्या तालुक्याला उठाबशा काढायला लावणारा माणूस दारातल्या आरामखुर्चीत बसून अंगणाच्या टोकाच्या कडुलिंबाकडं बघत राहायचा. मी कधी गोड बोलून बघितलं, कधी डोक्यात राख घालून. एका वर्षात घराबाहेर एक पाऊल नाही. शेवटी गेल्या होळीच्या आधी मी फरशी उखडली, चांगली माती टाकून घेतली आणि दिगूला बोलावलं. मला हिरवंगार मेक्सिकन गवत हवं होतं, शेजाऱ्यांकडं होतं तसं.

आला, खुर्ची मागितली आणि बसला. दुपारी दोनला मी जेवायला हाक मारली तर ताट तिथंच मागवलं. आमच्या घरात त्याला एवढा वेळ बसलेला मी पहिल्यांदा पाहत होते. संध्याकाळी उठून तो सरळ यांच्यासमोर उकिडवा बसला. झटका आल्यापासून येणारा जाणारा प्रत्येक जण यांच्याबद्दल मला विचारायचा. जेवतात का, झोप लागते का... यांना कुणी काही विचारत नव्हतं. हा म्हणाला, "दाजी, कोणता पाय आधी टाकता?" यांचे ओठ हलायला लागले. शब्द जुळायला वेळ लागायचा, आणि मी सवयीनं मध्ये तोंड घालणार तोच दिगूनं मला हातानं थांबवलं. हा एका जागी न ठरणारा माणूस वाट बघत बसून राहिला. "डा... वा," हे म्हणाले. "बराबर," म्हणून दिगू उठला आणि उंबऱ्यापासून लिंबापर्यंत, डाव्या हाताला भिंत येईल अशी, फक्कीची सरळ पट्टी आखून आला. मग मला म्हणाला, "इथं दिवसभर ऊन हाय. तुह्याकडं नळाला आठवड्यानं पाणी, बोअर उन्हाळ्यात दम तोडतो. मेक्सिकनला पाणी लागतं, त्ये जगायचं न्हाई. कोरियनला गाठी येत्यात, दाजीचा पाय अडकंल. हराळी लावू. तिच्यावर जितकं चाललं तितकी ती पसरती." आणि लिंबाखाली? मी विचारलं. "तिथं सावलीत काहीच येणार न्हाई. तिथं खुर्ची ठेव. दाजी, अकरा पावलं हायत. खुर्ची तुमची वाट बघून राह्यली समजा."

आपल्याच रानातल्या बांधावरून त्यानं पोतंभर हराळी आणली आणि कांडी कांडी करून टोचली. दीड महिना थांब म्हणाला. मी पंधरा दिवस थांबले. अंगण पार उजाड, त्यात मेल्यासारख्या काड्या, आणि हे रोज दारातून ते बघणार. ज्या गवतापायी लहानपणी बोलणी खाल्ली ते दारात पाणी घालून वाढवायचं, हेही कुठंतरी सलत असेल. जालन्यातल्याच एका दुकानदारानं सांगितलं, चौकोनी गुंडाळ्यांचं तयार मेक्सिकन आणतो, संध्याकाळपर्यंत हिरवं. मी दिगूला विचारलंही नाही. हराळी खरडून भिंतीकडंच्या कचऱ्यात टाकली आणि तिच्या जागी गालिचा अंथरला. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी अंगण बघून मी हरखले होते. हे माझा हात धरून उतरले आणि चार पावलं चालले. मग दुकानदारानं बजावल्याप्रमाणं मीच त्यांना थांबवलं... महिनाभर पाय नको, मूळ धरू द्या.

मूळ धरलंच नाही. वैशाखात बोअर आटला, खालची काळी माती भेगाळली, गुंडाळीचे चौकोन कडांनी वर आले आणि पापडासारखे कडक झाले. हे पुन्हा आरामखुर्चीत. अशात दिगू बाजाराला आला तो अचानक घरी डोकावला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. मीही चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण तो खाली बसला, एका चौकोनाखाली बोट घालून बघितलं आणि एवढंच विचारलं, "माझी हराळी कुठं टाकलीस?" मी भिंतीकडं बोट दाखवलं. "धुण्याचं पाणी जातं का तिकडं?" जातं म्हटलं. "मंग बरं झालं." मग यांच्याकडं वळून, "दाजी, किती झाली?" यांनी चार बोटं दाखवली. "सात राह्यली. घाई न्हाई." उभ्यानंच चहा प्याला आणि गेला. मला एवढा राग आला होता त्याच्या न रागावण्याचा, की त्याला सोडायला मी गेटपर्यंतही गेले नाही. तीच शेवटची भेट.

त्यानंतर तीन आठवड्यांनी चौकोनांच्या फटींतून हिरवे तुरे वर यायला लागले. खरडताना खाली राहिलेल्या कांड्या, आणि भिंतीकडून धुण्याच्या पाण्यावर सरकत आलेल्या. मला माहीत होतं ते काय आहे. रोज सकाळी पदर खोचून मी ते उपटत होते. मेक्सिकन वाचवायला म्हणत होते, पण वाचवायला उरलं काय होतं? खरं म्हणजे दिगूचंच खरं ठरलं हे त्याला दिसू नये म्हणून उपटत होते. आणि तो फोन आला.

चौदावा करून परत आले तोवर अंगणाकडं कुणी बघितलं नव्हतं. वाळलेल्या चौकोनांवरून हराळीनं हातपाय पसरले होते, भिंतीपासून उंबऱ्याकडं. माझा हात आपोआप खुरप्याकडं गेला, लहानपणापासूनची सवय. खुरपं घेतलं, पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडले. मग उठून मेलेले चौकोन तेवढे एकेक करून ओढून काढले. खाली कांड्यांचं जाळं होतं. मी एकीलाही धक्का लावला नाही. त्या दिवसापासून धुण्याचं पाणी बादलीनं तिथंच टाकते. व्हायचं ते झालं, असं सगळे म्हणतात, हेही हातानं तेच खुणावतात. मला तसं म्हणता येत नाही. दिगू गेला तेव्हा त्याचं गवत माझ्या मुठीत होतं, हे पुसलं जाणार नाही.

गेल्या रविवारी मी लिंबाखाली खुर्ची नेऊन ठेवली. यांना काही बोलले नाही. भाजी निवडत दारात बसले तर हेच उठले. चपला काढल्या, डावा पाय उंबऱ्याबाहेर टाकला, डावा हात भिंतीला. मी धरायला धावले तर मान हलवून नको म्हणाले. भाजी तशीच टाकून मी नुसती मागे मागे, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. उजवा पाय गवतावरून घासत यायचा, पण अडकला नाही. मध्ये एकदा थांबले तेव्हा मीही थांबले. पण पुन्हा निघाले आणि खुर्चीला हात लागल्यावर धपकन बसले. घामानं डबडबले होते. काहीतरी सांगायचं होतं. माझ्या तोंडावर शब्द आला होता, तो गिळला आणि मी वाट बघितली. बराच वेळ लागला.

"दिगूला... सांग," हे म्हणाले. "अकरा न्हाई. एकोणीस लागली."

"तो स्वतःच्या ढांगा मोजून गेला," मी म्हणाले. "सांगते त्याला."

तोवर सावली सरकली होती आणि यांच्या गुडघ्यावर ऊन आलं होतं. यांना हात देऊन उठवलं, खुर्ची हातभर सावलीत ओढली आणि पुन्हा बसवलं.