डाव्या दारातली उलटी तार

दिल्लीतल्या द्वारकेहून मानेसरला मी रोज गाडीनं जायचो आणि नऊ वर्षं शेजारच्या सीटवर माझा भागीदार असायचा. तो दोन सेक्टर पलीकडे राहायचा. मानेसरला आमचं छोटं युनिट होतं. गाडीच्या दाराचं आतलं पॅनल पत्र्याला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा आम्ही बनवायचो. मशिनं त्यानं सांभाळायची, माल मी विकायचा. युनिटमध्ये हिंदी, गिऱ्हाइकाकडे हिंदी, सोसायटीत हिंदी. बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर घरात कुठलीच भाषा उरली नाही. माझं दिवसभराचं मराठी त्या गाडीत, जाता-येता, त्याच्याशी बोलून व्हायचं. बोलणं कसलं, भांडणच. "मालक, जरा हळू, मला बायको-पोरं आहेत," असं तो प्रत्येक ट्रकला ओलांडताना म्हणायचा.

मग तो सोडून गेला. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या कंपनीत, खरेदी खात्यात नोकरीला लागला. महिन्याभरात टेबलाच्या पलीकडे बसून मला म्हणाला, "क्लिपेचा भाव कमी करा." करा! नऊ वर्षं अरे-तुरे, आणि आता करा. चारचौघांत मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भागीदारीचे कागद कर म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता आणि मी आज-उद्या करत होतो, हे खरं आहे. पण क्लिप कितीत पडते हे ज्याला मी शिकवलं, त्यानंच ते माझ्याविरुद्ध वापरावं? हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर गाडीत फक्त इंजिन बोलायचं. मी पेन ड्राइव्हवर मराठी श्रुतिका भरून घेतल्या. मला गाणी नको होती, कुणीतरी बोलणारं हवं होतं. पण गाडीच्या कंपनीनं दिलेले स्पीकर म्हणजे कागदाच्या वाट्या. हायवेला लागलं की टायरच्या आवाजात अर्धी वाक्यं बुडायची. नवरा बायकोला काय म्हणाला ते कळायचं नाही, ती रडायला लागली की समजायचं, काहीतरी वाईट म्हणाला.

एका शनिवारी मी करोल बागेत, गाडीच्या सामानाच्या बाजारात गेलो. पाऊण तास घासाघीस करून पुढच्या दोन दारांचे स्पीकर आणि पत्र्याला आतून चिकटवायची काळी डांबरी शीट घेतली. शीट लावली की पत्रा थरथरत नाही. दुकानदार थकून म्हणाला, "सर, फिटिंग फ्री है, गाडी ले आइए." फुकट म्हणणारा कुठून वसूल करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, स्वतः लावीन.

"तो कपलर ले जाइए. कंपनी की तार काटनी नहीं पडेगी, उलटी-सीधी का झंझट नहीं."

त्यानं भाव सांगितला आणि माझं डोकं फिरलं. "इतने से प्लास्टिक का? भाई, ऐसे पीस मैं दिन में हजारों बनाता हूँ!"

"तो एक अपने लिए भी बना लीजिए, सर," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दारं उघडी टाकून बसलो. पॅनल ओढताना तीन क्लिपा तुटल्या. आमच्याच युनिटच्या असाव्यात, तुटायची जागा ओळखीची होती. येणारे-जाणारे थांबायचे. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त गृहस्थ म्हणाले, "भाईसाहब, गाडी चोरी की है क्या? अंदर ढूँढ क्या रहे हो?" मी शीट चिकटवली, कंपनीच्या तारा कापल्या, नव्या स्पीकरला जोडल्या. उजव्या दारात पट्टेवाली तार प्लस निघाली, म्हणून डाव्या दारातही पट्टेवालीच प्लस धरली.

श्रुतिका लावली. आवाज मोठा झाला होता, स्वच्छही होता, पण बोलणारा माणूस कुठे बसला आहे तेच कळेना. शब्द एकाच वेळी दोन्ही कानांमागून यायचे आणि समोर कुणी नसायचं. खर्जातला आवाज पार पातळ झाला होता. मी दारं पुन्हा उघडली, स्क्रू आवळले, शीट दाबली. काही फरक पडला नाही. एवढा खटाटोप करून मी गाडी आधीपेक्षा रिकामी करून ठेवली होती.

हे एका मिनिटात सांगेल असा एकच माणूस मला माहीत होता. माझा जुना भागीदार, लहानपणी काकाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. त्या भांडणापासून आठ महिने मी त्याचा नंबर फिरवला नव्हता. स्पीकरचं निमित्त चांगलं होतं. आधी स्पीकरचं विचारायचं आणि मग जमलं तर बाकीचं.

दुसऱ्याच रिंगला त्यानं फोन उचलला. "बोल."

"स्पीकर बदललेत गाडीचे. आवाज हवेत जातोय."

"आवाजाचा बॅलन्स पूर्ण एका बाजूला ने. नीट वाजतं?"

मी करून पाहिलं. "हो. दोन्ही बाजूंना, वेगवेगळं."

"मग एका दारात तारा उलट्या जोडल्यास. कपलर घेतला नसशील."

"महाग सांगत होता."

"अच्छा. म्हणजे तार कापलीस." तो हसला की नाही, मला कळलं नाही. "एकाच दाराच्या दोन तारा अदलाबदल कर. एकाच. तू दोन्ही दारं उलटवशील आणि मलाच शिव्या घालशील."

"बरं."

मग दोघंही गप्प. भाव करताना मी एक गोष्ट कटाक्षानं पाळतो. आपलं सांगून झालं की तोंड मिटायचं. जो आधी बोलतो तो खाली येतो. त्यालाही ते मीच शिकवलं होतं, मोठ्या मीटिंगच्या आधी गाडीत बसून. त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली, मी ती ऐकली. आणखी एक झाली.

"ठेवू?" तो म्हणाला.

"ठेव."

डाव्या दाराच्या तारा मी बदलल्या. आवाज एकदम डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसला. श्रुतिकेतला म्हातारा नट खोकला, तर समोरची काच पुसावीशी वाटली, इतका जवळ. दुपारी त्याचा मेसेज आला, "वाजलं?" मी "हो" लिहिलं. तो काहीतरी लिहितोय असं फोनवर दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं, मग बंद झालं.

सोमवारी त्यांच्या कंपनीला कोटेशन द्यायचं होतं. आठ महिने मी एक पैसा सोडला नव्हता. या वेळी त्यानं टेबलापलीकडून मागितला होता तोच भाव टाकला, फक्त पत्र त्याच्या नावानं न काढता खरेदी खात्याच्या नावानं काढलं.