सुहासची शेवटची फ्लाय

इथले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात डॉक्टरी करत बसते — याची झोप झाली नसेल, हिला ताप असेल... देवाला नमस्कार करते, पण भूतबित कधी मानलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

१९९०ची गोष्ट. आम्ही ग्लासगोत राहायचो. मी जीपी, नवरा सुहास भूलतज्ज्ञ, मुलगी ऋचा सोळा-सतरा वर्षांची, जन्मापासून तिथलीच. सुहासला एकच वेड होतं. शहराच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर एक लॉख आहे, म्हणजे मोठं तळं. तिथे बोटीतून पाईक पकडायचे. पाईक म्हणजे लांब चपट्या तोंडाचा, दातेरी जबड्याचा मासा. त्याला भुलवायला पिसं आणि चमकीचे धागे हुकवर बांधून खोटा मासा करतात, तीच फ्लाय. सुहास दुकानातली चमकी आणत नसे. माझ्या लग्नातल्या जांभळ्या शालूचं रेशीम आणि जर उसवून फ्लाय बांधायचा. "तू तर नेसत नाहीस, निदान माशांना तरी दाखवू," म्हणायचा. पकडलेला प्रत्येक पाईक हुक काढून परत पाण्यात सोडायचा, तेही मराठीत निरोप देऊन — "जा बाबा, सांभाळून राहा."

त्या ऑक्टोबरमध्ये तो ड्यूटीवर असतानाच हार्ट अटॅकने गेला.

क्रिमेटोरियमला नेण्याआधी मी त्याच्या शर्टाच्या खिशात त्याने बांधलेली शेवटची फ्लाय ठेवली. मंगळसूत्र तोडायला माझी तयारी नव्हती. पण त्यातले दोन काळे मणी काढले आणि त्या फ्लायला डोळे म्हणून शिवले, जखमा शिवायच्या दोऱ्याने. हे कुणालाच सांगितलं नाही, ऋचालाही नाही. पेटी माझ्यासमोर बंद झाली.

दहावा पुण्यात दिरांनी केला. त्यांचा फोन आला. "वहिनी, कावळा पिंडाला शिवलाच नाही हो. सुचतील ती वचनं दिली, शेवटी दर्भाचा करावा लागला. दादाचं काय राहिलं होतं, तुम्हाला काही माहितीये?" मी म्हटलं, कावळ्यांची पोटं भरलेली असतील. फोन ठेवला, पण तो प्रश्न काही पाठ सोडेना. कामावर, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना... काय राहिलं होतं त्याचं?

पुढच्या मे महिन्यात ऋचा म्हणाली, "आई, बाबाचा बोट घेऊन जाऊ या ना. आय जस्ट वॉन्ट टु बी देअर."

मला पाण्याची भीती, तरी लाईफ जॅकेट घालून बसले. दुपारची वेळ, ढगाळ, वारा पडलेला. ऋचाने लव्हाळ्यांजवळ दुकानातली साधी पांढरी फ्लाय टाकली आणि दोरी हाताने झटके देत ओढू लागली. फ्लायच्या मागोमाग एक मोठा पाईक बोटीपर्यंत आला. फ्लाय अगदी तोंडाशी, पण घेईना. नुसता थांबला आणि वळून गेला.

"दे डू दॅट. बाबा म्हणायचा, पेशन्स." तिने परत टाकली. तो परत आला, थांबला, गेला.

तिसऱ्यांदा तो तसाच थांबला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुहास, ऋचाचं शिक्षण मी नीट करीन." पाईक हलला नाही. "तुझ्या आईंना अंतर देणार नाही." तरी नाही. मग मला रडूच फुटलं.

ऋचाला कावळ्याबद्दल काही माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी आईला बघेल. ती एकटा नाही राहणार. प्रॉमिस."

पाईकने फ्लाय घेतली.

ऋचाने बऱ्याच वेळाने त्याला बोटीशी आणलं. सुहासच्या डब्यातला चिमटा घेऊन मी हुक काढायला वाकले. जबड्यात पांढरी फ्लाय होती, आणि कोपऱ्यात आणखी एक. जांभळं रेशीम, जर, दोन काळे मणी, माझे टाके.

"हा बाबाचा आहे," ऋचा म्हणाली. "पण याला डोळे कुठे होते?"

मी दोन्ही हुक काढले. पाईक थोडा वेळ माझ्या हातात स्वस्थ राहिला. "जा बाबा, सांभाळून राहा," ऋचा म्हणाली, तसा तो गेला.

सुहासने तशीच दुसरी फ्लाय बांधली असेल, माशाने तोडून नेली असेल, हे सगळं स्वतःला सांगून पाहिलं. पण मणी मी शिवले होते, आणि ते आगीत गेले होते.

दिरांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "सुटला हो दादा." सगळे हेच म्हणतात. पण हुक काढून सोडून देणारा तर सुहास होता ना... त्या दुपारी त्याने मला सोडलं. आणि मला सुटायचं नव्हतं.