समुद्रतळाचे पट्टे

वर्ध्यात बसून मी समुद्राचा तळ वाचते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. पिपरी मेघेच्या आमच्या कॉलनीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, ही मासेमारी खात्यात आहे. दोन, हिला नोकरीच नाही, दिवसभर लॅपटॉपपुढे बसून असते. पहिल्या मताची मंडळी मला पापलेटचा भाव विचारतात. दुसऱ्या मताची मंडळी विचारत काहीच नाहीत, नुसती बघतात.

काम सांगायला सोपं आहे. एक बोट समुद्रात सरळ रेषेत जाते. तिच्यामागे पाण्यात एक यंत्र असतं, ते ठरावीक वेळाने ठक् असा आवाज करतं. आवाज खाली जातो. थोडा तळावरूनच परत फिरतो, थोडा चिखलात शिरून खालच्या थरांवर आपटून वर येतो, आणि बोटीमागच्या लांब केबलमधली यंत्रं तो टिपतात. असे हजारो प्रतिध्वनी शेजारी शेजारी मांडले की पडद्यावर आडवे पट्टे दिसू लागतात. सगळ्यात वरचा पट्टा म्हणजे समुद्राचा तळ, त्याखाली गाळाचे थर. एखाद्या जागी पट्टे तुटून खालीवर झाले असतील, तर तिथे जमीन कधीतरी सरकलेली असू शकते. पुस्तकात त्याला प्रस्तरभंग म्हणतात, मी घरात भेग म्हणते. बोटीवर मी आजवर एकदाच गेले आणि सगळा वेळ उलट्या करण्यात घालवला. तेव्हापासून माहिती माझ्याकडे येते, मी तिच्याकडे जात नाही.

बाबा टेलर. आर्वीला एसटी डेपोजवळ त्यांचं दुकान होतं. पाय दुखायला लागले तसं दुकान बंद करून ते माझ्याकडे राहायला आले, पण मशीन सोबत आणलंच. ते व्हरांड्यात असतं आणि कॉलनीतल्या पॅंटी आखूड करत असतं. बाबांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यामुळे त्यांचे प्रश्न फार बारीक असतात.

"पान्याच्या खाली काय असते?" त्यांनी एकदा विचारलं.

"गाळ."

"अन् त्याच्या खाली?"

"जुना गाळ."

"अन् त्याच्या खाली?"

"कोकणाकडे बऱ्याच ठिकाणी काळा दगड लागतो. आपल्या विहिरी खोदताना लागतो ना, तोच."

हे ऐकून ते इतके खूश झाले, जणू मी त्यांना काही भेटच दिली. "म्हंजे आपलाच दगड थेट तिथवर गेला," म्हणाले, आणि त्या दिवशी कपडे न्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ही बातमी दिली.

गेल्या वर्षी कोकणाकडच्या एका सर्वेक्षणाचं काम माझ्याकडे आलं. किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात, मच्छीमारांच्या बोटींसाठी धक्का बांधायचा विचार होता. त्याखालचा गाळ किती जाड, भेग आहे का, एवढं सांगायचं होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे अहवाल लिहून दिले. या अहवालावर पहिल्यांदा माझी सही असणार होती.

आणि मला भेग सापडली. एका रेषेवर, धक्क्याच्या नेमकी खाली. सगळे पट्टे एका जागी तुटून खाली सरकलेले, आणि नुसते आतले नाहीत, समुद्रतळसुद्धा. तळ तुटला म्हणजे भेग ताजी. मी त्यावर लाल रेघ ओढली, मुंबईच्या आमच्या सरांना चित्र पाठवलं. "जबरदस्त!" असं त्यांचं लगेच उत्तर आलं. ज्यांनी काम दिलं त्यांच्यापुढे सोमवारी मांडायचं ठरलं. खोटं कशाला बोलू, धक्का रद्द होईल, तिथले लोक वाट पाहत राहतील, हा विचार माझ्या मनात शेवटी आला. मला ती भेग हवी होती. माझी, पहिली.

शनिवारी बाबा चहा घेऊन आले आणि पडद्यापुढे उभे राहिले. मी ऐटीत सांगितलं, "बघा, इथे जमीन फाटली आहे."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. लॅपटॉप थोडा तिरका करून पाहिला. मग म्हणाले, "फाटलं नाई हे, बाई. जोडलं हाये."

"काय?"

"फाटलेलं असं सरळ फाटते काय? अन् पाह्य ना, वरपासून खालपर्यंत सारे पट्टे एकाच मापानं खाली गेले. दोन तुकडे जोडले कोनं तरी. जोडताना एक सरकला. चट्ट्यापट्ट्याच्या शर्टाले खिसा लावताना असंच होते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाबा, हे कापड नाही. मी यात शिकलेय," असं मी चढ्या आवाजात म्हणाले. ते चहा ठेवून बाहेर गेले आणि मशीन सुरू झालं.

पण "एकाच मापानं" हे डोक्यातून जाईना. कारण ते मला माहीत होतं. भेग पुन्हा पुन्हा सरकली असेल, तर जुन्या थरांनी जास्त हादरे खाल्लेले असतात, म्हणून खालचे पट्टे वरच्यांपेक्षा जास्त सरकलेले असायला हवेत. इथे सगळे सारखे. एकदाच मोठा हादरा बसला असेल, अशी गोष्ट मी स्वतःला सांगून टाकली होती. आणि शेजारच्या रेषांवर काहीच दिसत नव्हतं, त्याचंही मी काहीतरी कारण शोधलं होतं.

बोटीची नोंदवही माझ्याच फोल्डरमध्ये होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: केबलमध्ये मासेमारीचं जाळं अडकलं, काम थांबवलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागेपासून पुढे सुरू केलं. पहिल्या दिवशी ओहोटी, दुसऱ्या दिवशी भरती. दुसऱ्या दिवशी पाणी चढलेलं, म्हणून तळ खोल दिसला, आणि भरती-ओहोटीचा फरक न काढताच कोणीतरी दोन तुकडे जोडून दिले होते. मी तो फरक काढला. पट्टे जुळले. लाल रेघेखाली काहीही उरलं नाही. मी ती पुसली आणि "भेग आढळली नाही" असं लिहिलं. मला रडू आलं, हेही लिहून ठेवते.

सोमवारी सकाळी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वाचलो आपण. कसलं बारीक पकडलंस तू!"

मी म्हणाले, "थँक्यू, सर."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मशीनचा आवाज येत नाही. माझा फोन चालू असला की बाबा मशीन थांबवतात, मला त्रास नको म्हणून. दार उघडं होतं. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मी बाहेर गेले तर ते एका पॅंटची शिवण उसवत बसले होते, मान खाली. "झालं काय तुह्यं काम?" एवढंच विचारलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिथेच उभं राहून मी पुन्हा फोन लावला, स्पीकरवर. "सर, ती चूक मी नाही पकडली. माझ्या बाबांनी पकडली."

"ते याच क्षेत्रातले आहेत?"

"टेलर आहेत."

सर हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. "आहेत का तिथे? दे बरं फोन. काका, नमस्कार. आम्ही दोघांनीही पाहिलं आणि आम्हाला कळलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

शनिवारी मला धडाधड सांगणारे बाबा एकदम बावरले. समोर माणूस नाही, नुसता आवाज, तरी त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सरळ बसले.

"काई नाई, साहेब," ते म्हणाले. "पोरीनं इतकं साफ मांडून ठेवलं होतं, म्हनून दिसलं."

सर पुढे काहीतरी बोलत होते. बाबांनीच त्यांना "बरं साहेब, ठेवतो" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.