काहीच न उगवलेली बशी

आमची लॅब उस्मानपुऱ्यात एका कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. तिथल्या कल्चर विभागाचं उद्घाटन झालं तेव्हा जिन्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी रिबीन कापली, मग उबेचं कपाट उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "यात कोंबडीची अंडीसुद्धा उबतील काय?" त्या दिवशी विचारला गेलेला तो एकमेव शास्त्रीय प्रश्न होता. उत्तर 'हो' असं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत आमच्या डॉक्टरांनी पाहुण्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

आमचे डॉक्टर म्हणजे लॅबचे मालक. माणूस भला, पण जाड कागदाचा शौकीन. रिपोर्टच्या कडेला सोनेरी रेघ असायची आणि वर उठावदार अक्षरात लॅबचं नाव. 'शौचात जंत आढळले नाहीत' हे वाक्यही त्या कागदावर मानपत्रासारखं दिसायचं. काही लोक ते घरी नेऊन फ्रेम करत असतील अशी मला शंका होती.

मी त्या कल्चर विभागात काम करत होते. विभाग म्हणजे मीच. जुलाबाचे, हगवणीचे नमुने यायचे. त्यातला कण काचेच्या बशीतल्या घट्ट लालसर थरावर रेघोट्या ओढून पसरायचा, रात्रभर उबेत ठेवायचा आणि सकाळी काय उगवलं ते बघायचं. गुन्हेगार जंतू सापडला की त्याला दुसऱ्या बशीत पसरून वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ राहतं, ते औषध चालतं. ज्या टिकलीला जंतू अगदी चिकटून उगवतात, ते औषध रोग्याच्या पोटातून नुसता प्रवास करून येतं.

पावसाळा संपत आला होता. एका सकाळी पाचोडकडचे एक आजोबा आले. पांढरं धोतर, काळं जाकीट, डोक्याला टोपी आणि हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी नवा कोरा टॉवेल काढला, टॉवेलातून आमचीच नमुन्याची बाटली काढली आणि साखरपुड्याचा नारळ द्यावा तशी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

"नातीचं हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाईसाहेब, तुमच्या हातात असलं द्यायचं म्हणजे जिवावर येतंय. पण विलाज नाय."

"आजोबा, आमचं कामच आहे ते."

"व्हय, पण बाईमाणूस तुम्ही. चांगल्या घरच्या दिसता."

चांगल्या घरच्या बायका काय करतात, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नात सहा-सात वर्षांची. पोटात मुरडा आणि रक्त पडत होतं. गावातल्या डॉक्टरांनी एक औषध दिलं, मग दुसरं दिलं, फरक शून्य. तेव्हा तिला उस्मानपुऱ्यात लेकीकडं आणून ठेवलं होतं. इथल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी सलाईन लावली आणि सांगितलं, जंतू कोणता आणि तो कशाला मरतो हे कळल्याशिवाय आता तिसरं औषध अंदाजानं देणार नाही.

"लई वाळली ओ," आजोबा म्हणाले. "दिवसभर टुरटुर बोलणारी पोर, आता हाक मारली तरी नुसती बघती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून बशी काढली आणि खिडकीशी नेली. बशी कोरी होती. माझ्याच रेघोट्यांचे ओरखडे तेवढे दिसत होते. धुऊन पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ.

आमचे डॉक्टर मागून आले. "निगेटिव्ह ना? छान. टाइप करायला सांगा."

"सर, ही निगेटिव्ह नाहीये."

"काही उगवलंय का?"

"नाही."

"मग?"

आता हे समजावून सांगायला हवं. माणसाच्या आतड्यात जंतू असतातच. राष्ट्रपतींच्याही असतात. ते आपले कायमचे भाडेकरू, निरुपद्रवी, आणि बशीवर त्यांचे भरघोस गुलाबी ठिपके उगवतात. रोगाचा जंतू सापडो न सापडो, भाडेकरू सापडलेच पाहिजेत. ज्या इमारतीत एकही माणूस राहत नाही तिथं चोर नाही असा पंचनामा करण्यात अर्थ नसतो. आधी विचारायचं, माणसं कुठं गेली?

"दोन औषधं होऊन गेलीत," डॉक्टर म्हणाले. "त्यानं मेले असतील."

"सगळे मेले असतील तर पोरीला रक्त कशाचं पडतंय?"

त्यांनी बशी हातात घेऊन उजेडाला धरली. तो सोनेरी कागद पोरीच्या डॉक्टरांकडं गेला असता तर त्यांनी जंतूंचा नाद सोडून दुसरंच काहीतरी शोधायला घेतलं असतं, आणि त्यात पोरीचे दिवस गेले असते. हे आमच्या डॉक्टरांनाही कळत होतं. "बघा तुम्ही," एवढंच म्हणून ते गेले. ते खरोखरच भले होते.

रिपोर्ट न्यायला आजोबा आले तेव्हा मी त्यांना आत बोलावलं. "आजोबा, बाटलीत काही घातलं होतं का तुम्ही?"

त्यांचा चेहरा बदलला. "घातलं म्हणजे? आमच्याकडं घाण चालत नाय, बाईसाहेब. आमच्या घरातून बाहेर जाणारं भांडं घासून जातं. शेजारी ताकाचा तांब्या द्यायचा तरी राखेनं घासून देतो आम्ही."

"पण बाटली आम्ही कोरी दिली होती."

"कोरी दिसत व्हती. पण दवाखान्यातली ना? आधी कुणाचं काय भरलं आसंल तिच्यात, कुणाला ठाऊक? मी सोता धुतली. फिनेलनं."

"फिनेलनं!"

"चांगली खळखळून. आन् तुम्हाला वास येऊ नये म्हणून झाकणभर वरून बी टाकलं." ते माझ्याकडं बघत थांबले. शाबासकीची वाट पाहत होते असं मला अजूनही वाटतं.

आमची फरशी रोज सकाळ-संध्याकाळ फिनेलनंच पुसली जायची, त्यामुळे त्या वासाचं आमच्या नाकाला काही वाटेनासं झालं होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की बाटलीतले सगळे जंतू फिनेलनं मारले. पोरीच्या पोटातले मात्र जिवंत आहेत, आणि आम्हाला जिवंतच लागतात.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे घाणच पाहिजे व्हती तुम्हाला."

"व्हय," मी म्हटलं. "जशी असेल तशी."

"आजवर आसं मागणारं कुणी भेटलं नव्हतं," ते म्हणाले आणि टोपी काढून टाळूवरून हात फिरवला. "रिक्षा आणतो. पोरीलाच घिऊन येतो."

पोर आली ती आत्याच्या खांद्यावर. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. मी कापसाची काडी दाखवली तेव्हा तिनं रडायचं ठरवलं, पण तेवढा जोर नव्हता, म्हणून फक्त तोंड वाकडं केलं. काम क्षणात झालं. दाराबाहेर आजोबा भिंतीकडं तोंड करून उभे होते. नातीची लाज राखणं हे आपलं काम असं त्यांनी ठरवलं होतं. मी ती काडी थांबवून न ठेवता तिथल्या तिथं बशीवर ओढली. हगवणीचा जंतू भलताच नाजूक असतो. माणसाला लोळवतो, पण बाहेर तासाभराची हवा त्याला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशी भरलेली होती. भाडेकरू सगळे गुलाबी, जागेवर. आणि त्यांच्यात मिसळून, दवाच्या थेंबासारखे फिके, रंगहीन ठिपके. मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या पोटातला रोग बघून आनंद होणं हे सभ्य लोकांत बोलून दाखवता येत नाही, म्हणून मी चहा मागवला.

फिक्या ठिपक्यांची ओळख पटली. मग टिकल्या लावल्या. त्या निकालाच्या दिवशी आजोबा माझ्या शेजारी उभे होते, हात मागं बांधून, मुद्दाम दोन फूट लांब. गावात दिलेल्या दोन्ही औषधांच्या टिकल्यांना जंतू असे भिडून उगवले होते की जणू ते त्यांचंच खाद्य. नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडच्या टिकलीभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं.

"ह्याला भितात व्हय?" आजोबा वाकून म्हणाले. हळूहळू ते दोन फूट जवळ आले होते. "आन् ह्या दोघांना इचारीत बी नाहीत. आमच्या ग्रामपंचायतीसारखं."

मी पोरीच्या डॉक्टरांना फोन केला. सोनेरी कागद संध्याकाळी टाइप झाला, पण औषध दुपारीच सुरू झालं होतं.

आठवडाभरानं ती आजोबांचं बोट धरून जिना चढून आली. नाक फेंदारून तिनं सगळी लॅब बघितली.

"माझे जंतू कुठंयत?"

"शिजवून टाकले."

"कशात?"

मी कोपऱ्यातलं जाड झाकणाचं पिंप दाखवलं.

"कुकर हाय का हा?"

"तसाच. मोठा."

"मग शिट्ट्या किती करता?"

"याला शिट्टी नसते. वाफ कोंडून ठेवायची, घड्याळ लावायचं."

ती विचारात पडली. "शिट्टी नाय तर कच्चेच राहत आसतील," ती आजोबांना म्हणाली.

"गप ए माय! बाईसाहेबांना शिकवायलीस?" आजोबा रागावले खरे, पण आवाजातला राग काही जमला नाही. इतक्यात तिनं त्यांचं धोतर ओढलं. खालच्या गाड्यावर भजी तळत होती, ती तिला आत्ता पाहिजे होती. आजोबांनी माझ्याकडं बघितलं.

"आज नको," मी म्हटलं. "मऊ वरणभात."

मग जिना उतरून रस्त्यापर्यंत तिचं भांडण ऐकू येत होतं. भजी का नाही, किती दिवस नाही, आणि त्या बाईला कोणी विचारलं होतं. आवाज चांगला खणखणीत होता.