पाठीमागचा वारा

महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी माझी नेमणूक रुग्णजहाजावर झाली. काम बसऱ्याहून जखमी शिपाई मुंबईला आणण्याचं. मी नाशिकच्या शरणपूरची, वय सव्वीस. वॉर्डाचा अनुभव तीन वर्षांचा, समुद्राचा शून्य.

रोजचा क्रम ठरलेला होता. पाचला ताप पाहणं, सातला ड्रेसिंग. दुपारी एकला, ज्यांना चालता येत नसे अशा बारा जणांच्या खाटा मागच्या डेकवर हवेला. दर दोन तासांनी थर्ड ऑफिसर ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकतात त्या वरच्या मजल्यावरून, बोलनळीतून वाऱ्याचा आकडा सांगे. शून्य म्हणजे वारा पडलेला, बारा म्हणजे तुफान. सहाच्या वर गेला की खाटा खाली नेऊन बांधायच्या, असा हुकूम होता. आकडा यंत्राचा नसे. ऑफिसर लाटा आणि फेस पाहून ठरवी. मला तो अंदाजपंचे वाटे. तसं मी बोलूनही दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सात सांगितला. आम्ही साऱ्या खाटा बांधल्या आणि तासाभरात वारा पडला. कळवणचा शिपाई भिका, उजवा पाय गुडघ्यावर कापलेला, म्हणाला, "सिस्टर, बैल बांधले, आता वैरण टाका." वॉर्ड हसला. मला ते लागलं.

तिसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी नळीतून आवाज आला.

"ब्रिज टू वॉर्ड. विंड सेव्हन. पावणेतीनला कोर्स बदलतोय. सिक्युअर ऑल कॉट्स."

मी डेकवर गेले आणि रुमाल हातात धरला. फडफडला, इतकंच. माझ्या हिशेबी चार.

खलाशांचे मुकादम, रत्नागिरीकडचे म्हातारे सारंग, दोर आवरत होते. म्हणाले, "बाईसाब, वारा पाठीला आहे. रुमालाकडे काय बघता? पाण्याकडे बघा."

"सारंग, तुम्ही दोर बघा. वॉर्ड माझा आहे."

"सिस्टर, राहू द्या ना," भिका म्हणाला. "आज बरं वाटस."

मी खाटा राहू दिल्या.

पावणेतीनला जहाज डावीकडे वळलं. इतका वेळ मागून येणारा वारा आडवा आला. पहिल्याच हेलकाव्याला तीन खाटा घसरल्या. भिकाची कठड्यावर आदळली. टाके सुटले. डॉक्टरांनी शीर बांधली, पण तोवर रक्त फार गेलं होतं. "बाकीचे बरे शेतस ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. चार वाजून वीस मिनिटांनी तो गेला.

संध्याकाळी मेट्रननं लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं: ब्रिजवरचे आकडे भरवशाचे नसतात, जहाज अचानक वळलं. मुंबईला थर्ड ऑफिसरला ठपका ठेवून जहाजावरून उतरवलं. सारंगांना कोणी विचारलं नाही, आणि मी त्यांचं नाव घेतलं नाही.

पाठीमागचा वारा कमी लागतो हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. टांग्यातून दिंडोरीला जाताना वारा मागून असला की आपलीच धूळ आपल्यासोबत चालते, घाम येतो. परतताना तोच वारा पदर ठरू देत नाही. लहानपणापासून माहीत होतं. पण आकडा सांगणारा माणूस मला आवडत नव्हता.

मागच्या वर्षी, १९३३ साली, आमच्या दवाखान्यात कळवणचा एक शेतकरी डोळे दाखवायला आला. कागदावरचं आडनाव आणि गाव वाचून मीच विचारलं. तो भिकाचा धाकटा भाऊ निघाला.

"वादळात गेला म्हणे," तो म्हणाला. "वाऱ्यापुढं कोणाचं काय चालस, बाई?"

मी त्याच्या डोळ्यांत औषध घातलं आणि पुढचा रोगी बोलावला.

खुलाशात लिहायला हवं होतं ते आता लिहिते. त्या दुपारी वारा सात होता. आकडा बरोबर होता आणि पस्तीस मिनिटं आधी आला होता. शिपाई भिका, राहणार कळवण, याची खाट बांधलेली नव्हती.